पाटीचा काय गुन्हा?

शांघायच्या जुन्या फ्रेंच वसाहतीत 'उरुम्ची मध्य मार्ग' नावाचा एक रस्ता आहे. झाडांच्या सावलीचा, उपाहारगृहांचा, बऱ्यापैकी सुखवस्तू वस्तीचा. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस या रस्त्याच्या नावाची पाटी काढून नेण्यात आली. ती उचलून नेणारी माणसे मोबाइलच्या कॅमेऱ्यात सापडली आणि ते दृश्य जगभर फिरले. पाटी का काढली, याचा खुलासा झाला नाही. मागण्याची सोयही नव्हती.

त्याआधीचे चार दिवस सर्वांना ठाऊक आहेत. २४ नोव्हेंबरच्या रात्री खऱ्या उरुम्चीत, म्हणजे शिनजियांगच्या राजधानीत, एका निवासी इमारतीला आग लागली. सरकारी आकडा दहा मृतांचा. शहर तेव्हा शंभराहून अधिक दिवस करोनाच्या टाळेबंदीत होते. टाळेबंदीच्या अडथळ्यांमुळे बंब पोचू शकले नाहीत आणि माणसांना बाहेर पडता आले नाही, असे लोक म्हणू लागले. प्रशासनाने ते नाकारले. अग्निशमन विभागाच्या प्रमुखाने पत्रकार परिषदेत आपले निदान सांगितले: काही रहिवाशांची स्वतःला वाचवण्याची क्षमता कमी पडली.

२६ तारखेच्या रात्री शांघायमधले तरुण या रस्त्यावर जमले. उरुम्ची तिथून तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर. तिथे जाणे शक्य नव्हते. तिच्या नावाचा रस्ता मात्र घराजवळ होता. त्यांनी पाटीखाली मेणबत्त्या लावल्या, फुले ठेवली, कोरे कागद हातात धरले. रात्र चढत गेली तशा घोषणा सुरू झाल्या आणि पक्षाने व शी जिनपिंग यांनी पायउतार व्हावे, इथवर त्या पोचल्या. मग जे व्हायचे ते झाले. धरपकड झाली. पदपथाच्या कडेने उंच निळे पत्रे उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन तपासले गेले. बीबीसीच्या वार्ताहराला मारहाण करून काही तास डांबून ठेवले.

हे सारे समजण्यासारखे आहे. सत्तेविरुद्ध घोषणा देणाऱ्याला उचलायचे, हा तिथला रिवाज. मेणबत्ती विझवायची, फुले गोळा करायची, कोरा कागदही हिसकावून घ्यायचा. कागद कोरा असला तरी तो धरणारा हात सरकारचा नसतो. पाटीचे तसे नव्हते. ती सरकारची होती. महापालिकेने रंगवलेली, महापालिकेने ठोकलेली. तिच्यावर घोषणा नव्हती, मागणी नव्हती. शांघायच्या मधोमध शिनजियांगलाही जागा आहे, एवढेच ती सांगत होती. देश एक आहे, हे रोज दोन वेळा सांगणाऱ्या राज्याला आपलेच वाक्य खांबावरून उतरवावे लागले. त्या आठवड्यातल्या सगळ्या बातम्यांत थांबून पाहण्याजोगी गोष्ट ही आहे.

शांघायच्या रस्त्यांना देशातल्या गावांची नावे मिळाली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. सुरुवात चिनी माणसाने केली नाही. १८६० च्या दशकात परकीयांच्या वसाहतींचे एकत्रीकरण झाले आणि कोणाची नावे ठेवायची यावर वाद झाला. तेव्हा ब्रिटिश वाणिज्यदूत मेडहर्स्ट यांनी तोड काढली. उत्तर-दक्षिण रस्त्यांना चीनच्या प्रांतांची नावे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना शहरांची. सिचुआन रोड आणि नानजिंग रोड तिथून आले. शेजारच्या फ्रेंच वसाहतीने हे मानले नाही. तिथे फ्रेंच सेनापती आणि वकिलातीतले अधिकारीच रस्त्यांवर नांदत राहिले. १९४३ मध्ये ती वसाहत संपली आणि वांग जिंगवेई यांच्या सरकारकडे आली. हे सरकार जपानच्या ओंजळीने पाणी पिणारे. त्याने फ्रेंच नावे पुसून देशभरातली गावे आणि डोंगर रस्त्यांवर आणले. आपल्या या रस्त्याला तेव्हा दिहुआचे नाव मिळाले. उरुम्चीचे त्या वेळचे सरकारी नाव ते होते. १९५४ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने शहराचे नाव बदलले, त्यासरशी शांघायच्या रस्त्याचेही बदलले.

म्हणजे राष्ट्राचा हा नकाशा आधी ब्रिटिश वाणिज्यदूताने आखला, मग जपानच्या हस्तकांनी वाढवला आणि शेवटी क्रांतिकारकांनी दुरुस्त केला. तिघांचे एकमेकांशी हाडवैर. नकाशावर मात्र तिघांचे एकमत. वरून नावे द्यायची आणि खालच्यांनी त्या नावांच्या रस्त्यांवरून मुकाट ये-जा करायची.

तैपेईत हाच प्रयोग च्यांग कै शेक यांच्या पक्षाने केला. १९४५ नंतर जपानी नावे पुसून त्याने त्या शहरावर अख्खा चीन अंथरला. वायव्य चीनची नावे शहराच्या वायव्येला, ईशान्येची ईशान्येला. १९४९ मध्ये देश हातचा गेला, नकाशा रस्त्यांवर तसाच राहिला. तैपेईतला दिहुआ रस्ता अजून दिहुआच आहे. चांद्र नववर्षाच्या आधी तिथे खरेदीला झुंबड उडते. सुकामेवा आणि औषधी मुळ्या घेणाऱ्या गिऱ्हाइकाला शिनजियांगशी काही देणेघेणे नसते. सत्तेला रस्त्याच्या नावाकडून तेवढेच हवे असते.

शांघायच्या रस्त्यावरही इतकी वर्षे तेच चालले होते. उरुम्ची म्हणजे टॅक्सीवाल्याला सांगायचा पत्ता. २६ नोव्हेंबरला काही शे माणसांनी ती पाटी शब्दशः वाचली. उरुम्ची आपली आहे म्हणता, तर तिथे जळून मेलेली माणसेही आपलीच, असे ती माणसे धरून चालली. त्या क्षणी पाटी प्रशासनाच्या हातातून निसटली. मग तिला खाली उतरवण्यावाचून इलाज राहिला नाही.

एकजूट दोन प्रकारची असते. एकीत प्रत्येक गाव राजधानीशी बांधलेले असते. दुसरीत गावे एकमेकांशी. पहिल्या प्रकाराला बीजिंग राष्ट्रीय ऐक्य म्हणते. दुसऱ्याला अशांतता. उरुम्चीतल्या मृतांसाठी पक्षाने शोकसभा बोलावली असती, तर तीच माणसे, त्याच मेणबत्त्या घेऊन, त्याच पाटीखाली देशभक्त ठरली असती.

चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन यांची शंभर वर्षांपूर्वीची तक्रार प्रसिद्ध आहे. चिनी माणसे म्हणजे ताटलीभर सुटी वाळू, असे ते म्हणत. त्यानंतरच्या प्रत्येक राज्यकर्त्याने ती तक्रार वारसाहक्काने घेतली. शी जिनपिंग यांनी वाळूच्या जागी फळ आणले. देशातल्या सर्व वंशांच्या लोकांनी डाळिंबाच्या दाण्यांसारखे एकमेकांना बिलगून राहावे, असे त्यांनी २०१४ मध्ये शिनजियांगविषयक बैठकीत सांगितले. तेव्हापासून त्या प्रदेशात भिंतीभिंतींवर डाळिंबे रंगवलेली आहेत. शांघायमध्ये दाणे खरोखर बिलगले, तेव्हा पोलिसांच्या गाड्या आल्या.

बीजिंगची भीती निराधार आहे असे मात्र म्हणता येत नाही. या शतकातला एक अनुभव त्याच उरुम्चीचा आहे. जून २००९ मध्ये ग्वांगडोंग प्रांतात शाओग्वान येथील खेळण्यांच्या कारखान्यात बहुसंख्य हान आणि शिनजियांगमधल्या उइगूर कामगारांत रात्री मारामारी झाली. उइगूर कामगार मारले गेले. त्याची दृश्ये देश ओलांडून शिनजियांगला पोचली. ५ जुलैला उरुम्चीत उइगूर तरुण रस्त्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत त्याची दंगल झाली. सरकारी आकड्यानुसार १९७ माणसे मेली. त्यांत हान अधिक होते. दोनच दिवसांनी हान जमाव काठ्या आणि पहारी घेऊन उइगूर मोहल्ल्यांकडे निघाला. त्यानंतर सुमारे दहा महिने शिनजियांगमध्ये इंटरनेट बंद होते. एका गावची बातमी दुसऱ्या गावात गेली की रक्त सांडते, हा धडा सरकारने त्यातून घेतला. घ्यावा असाच तो प्रसंग होता.

पण तेरा वर्षांनी बातमी उलट्या दिशेने गेली आणि तिचा परिणामही उलटा झाला. २००९ मध्ये हान आणि उइगूर एकमेकांच्या जिवावर उठले होते. २०२२ मध्ये हान बहुसंख्येच्या शहरात उइगूर मृतांसाठी मेणबत्त्या लागल्या. कोणत्याही शासनाने दुसऱ्या घटनेला पहिलीवरचा उतारा मानले असते. बीजिंगने दोन्हींना एकच औषध दिले. बातमी तोडा, रस्ता अडवा, माणसे उचला. दंगल आणि दुखवटा यांतला फरक ज्या व्यवस्थेला कळत नाही, तिला शांतता म्हणजे काय ते तरी कितपत कळत असेल?

हा फरक न कळणे विशेष खटकते, कारण आधुनिक चीन घडला तोच गावाने गावाची हाक ऐकल्यामुळे. १९११ मध्ये चिंग दरबाराने रेल्वे ताब्यात घेतली म्हणून सिचुआन पेटले. ते विझवायला शेजारच्या हुबेईतली पलटण पाठवली गेली. हुबेईतल्या वुचांगमध्ये मागे राहिलेल्या सैनिकांनी १० ऑक्टोबरला उठाव केला. काही महिन्यांत दोन हजार वर्षांची बादशाही संपली. १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहात शानडोंगमधले जर्मन हक्क जपानला मिळाले. शानडोंगसाठी ४ मे रोजी बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले. बीजिंगच्या अटकेतल्या विद्यार्थ्यांसाठी जूनमध्ये शांघायच्या दुकानदारांनी फळ्या लावल्या, कामगार संपावर गेले. शेवटी तीन बड्या अधिकाऱ्यांना घरी बसवावे लागले आणि चीनच्या प्रतिनिधींनी तहावर सही केली नाही. १९२५ मध्ये शांघायच्या नानजिंग रोडवर वसाहतीच्या पोलिसांनी गोळीबार केला. त्यासाठी हाँगकाँग आणि कँटनमध्ये वर्षभराहून अधिक काळ संप चालला.

यातली एकही गोष्ट राजधानीच्या परवानगीने झाली नाही. बऱ्याचदा राजधानीने तिला दंगा म्हटले. आज त्या साऱ्या शालेय पाठ्यपुस्तकांत राष्ट्रजागृतीच्या प्रकरणात आहेत. खुद्द पक्षाचा जन्म त्यातलाच. १९२१ च्या जुलैमध्ये पहिले अधिवेशन भरले ते याच फ्रेंच वसाहतीतल्या एका घरात. पोलिसांचा माग लागला म्हणून प्रतिनिधींनी शेवटची बैठक जियाशिंगच्या तळ्यात नावेवर उरकली. ते घर आता तीर्थक्षेत्र झाले आहे. नव्या सभासदांना तिथे शपथेसाठी नेतात. परवानगीविना जमलेल्या डझनभर माणसांतून काय उभे राहू शकते, हे पक्षाइतके अनुभवाने कुणाला ठाऊक असणार? अज्ञानाचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. तो सारे जाणून करतो.

म्हणून त्याचे लक्ष तुम्ही काय बोलता याच्यापेक्षा कुणाबरोबर उभे राहता याच्याकडे असते. एप्रिल १९९९ मध्ये फालुन गोंगचे सुमारे दहा हजार साधक पक्षनेत्यांच्या झोंगनानहाय परिसराभोवती दिवसभर गप्प उभे राहिले. घोषणा नाही, दगड नाही. जाताना त्यांनी कचराही उचलून नेला. तीन महिन्यांत पंथावर बंदी आली. ते आले हे एक वेळ चालले असते. येणार असल्याचा पत्ता कुणाला लागला नव्हता, ते चालले नाही. हार्वर्डच्या गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चिनी समाजमाध्यमांवरच्या पुसलेल्या मजकुराचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेत्यांवरची जहरी टीका बऱ्याचदा तशीच राहते, असे त्यांना आढळले. पुसला जातो तो माणसे एकत्र येण्याची शक्यता असलेला मजकूर. मग तो सरकारच्या बाजूचा का असेना.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तर राजकारणाचा लवलेश नसताना हे घडले. झेंगझोऊचे विद्यार्थी रात्री भाड्याच्या सायकली घेऊन पन्नासेक किलोमीटरवरच्या काइफेंगला तिथले प्रसिद्ध डंपलिंग खायला जाऊ लागले. स्थानिक प्रशासन खूश, सरकारी माध्यमेही खूश. पर्यटन वाढत होते. एका रात्री संख्या लाखाच्या घरात गेली. काहींच्या हातात राष्ट्रध्वज होते, काही राष्ट्रगीत म्हणत होते. दुसऱ्याच दिवशी सायकल कंपन्यांनी जाहीर केले की शहराबाहेर नेलेली सायकल आपोआप कुलूपबंद होईल. विद्यापीठांनी दारे लावून घेतली. एवढ्या राष्ट्रगीताने आनंद व्हायला हवा होता.

शांघायच्या त्या तरुणांना फार उंच चढवण्याचेही कारण नाही. २०१७ पासून शिनजियांगमध्ये लाखो उइगूर छावण्यांत कोंडले गेले, तेव्हा या रस्त्यावर एकही मेणबत्ती लागली नव्हती. परदेशातल्या उइगुरांनी हे बोलून दाखवले आणि ते खोटे नाही. या वेळी लोक हलले, कारण आग आपल्याही इमारतीला लागू शकते हे टाळेबंदीने त्यांना पटवले होते. त्याच वर्षीच्या वसंतात शांघाय स्वतः दोन महिने कोंडले गेले होते. म्हणजे सहानुभूती उसनी नव्हती, पण उशिरा आली होती. तरीही ती आली. हान आणि उइगूर यांच्यात एवढ्या वर्षांच्या अभ्यासवर्गांनी, छावण्यांनी आणि भिंतीवरच्या डाळिंबांनी जे साधले नाही, ते एका रात्री आपसूक घडत होते. ते पुढे कुठवर गेले असते, हे पाहण्याइतका धीर बीजिंगकडे नव्हता.

सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले होते: परकीय शक्तींचा हात. बीजिंगमध्ये लियांगमा नदीकाठी जमलेल्या लोकांना एकाने तसा इशाराही दिला. परकीय म्हणजे कोण, मार्क्स आणि एंगेल्स का, असे गर्दीतून विचारले गेले. परदेशी संकेतस्थळे तर आम्हाला उघडतासुद्धा येत नाहीत, असेही कुणी म्हणाले. याला अद्याप कुणी उत्तर दिलेले नाही. त्या रात्रींवर माहितीपट करणारे चेन पिनलिन यांना मात्र जानेवारी २०२५ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. भांडणे उकरून काढल्याचा आणि गडबड माजवल्याचा गुन्हा.

७ डिसेंबर २०२२ ला सरकारने निर्बंध उठवायला घेतले. लोकांनी मागितले म्हणून उठवले, असे अर्थातच म्हटले नाही. ३१ डिसेंबरच्या नववर्ष भाषणात शी जिनपिंग म्हणाले की देश एवढा मोठा आहे, वेगवेगळ्या माणसांची मागणी वेगवेगळी असणारच, बोलून एकमत करावे. त्याच महिन्यात बीजिंगमध्ये नदीकाठी आलेल्या तरुणींना घरून उचलले जात होते. त्यांतल्या काहींची एप्रिलमध्ये जामिनावर सुटका झाली. हेनान प्रांतात शिकणारी एक उइगूर विद्यार्थिनी सुट्टीत शिनजियांगला घरी गेली, तिथे तिला अटक झाली. निदर्शनांची एक चित्रफीत तिने फोनवरून पुढे पाठवली होती. तिला तीन वर्षे मिळाली. तिच्यावरचा आरोप अतिरेकी विचारांच्या प्रसाराचा होता.